वासाची बाटली

आमच्या घरी स्वयंपाकघर आणि गोदाम यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीला वरच्या बाजूला सिमेंटची जाळी होती. तिरोड्याला आमचं कृषी केंद्र. पुढे दुकान, मध्ये कीटकनाशकांचं गोदाम, मागे आम्ही राहणारे. जाळी मोठ्या पप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, मुद्दाम ठेवून घेतली होती. हवा खेळती राहावी म्हणून. हवा खेळायचीच. मम्मी लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला बसली की तेलाचा वास तिकडे जायचा आणि तिकडचा वास वड्यांवर येऊन बसायचा. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची वडी असो की बोदलकशाच्या तलावातला मासा, प्रत्येक घासाच्या शेवटी तीच एक चव असायची, सडक्या लसणासारखी, थोडी गोडसर, रॉकेलची आठवण करून देणारी. पाहुणे पहिल्या घासाला जरा थांबत, आमच्याकडे बघत आणि आम्ही मुकाट्याने खातोय हे पाहून पुढे जेवत. आम्हाला तो वास येतच नव्हता. मला तो सहावीत आला. पॅसेंजरने गोंदियाच्या इंग्रजी शाळेत जायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात डब्याच्या सुट्टीत शेजारची मुलगी म्हणाली, "तेरे टिफिन से दवाई की बास आती है." तिने ते खोडसाळपणे म्हटलं नव्हतं, माहिती दिली होती. दुसऱ्या दिवसापासून मी जिन्याखाली बसून डबा खाऊ लागले, आणि हळूहळू बोलणंही जिन्याखालीच ठेवून आले. शाळेत मला घमंडी म्हणत. तिरोड्यात 'इंग्लिशवाली मॅडम' म्हणत. दोन्हीकडे मी काही बोलत नसे, त्यामुळे दोन्हीकडच्यांची खात्री पटत गेली.

सकाळची जाग शटरच्या आवाजाने यायची. मग चिकटपट्टीची लांब चरचर, खोकी आपटल्याचे आवाज, आणि मोठ्या पप्पांचं खाकरणं. ते खाकरण्यानेच नोकरांना हाका मारत. पप्पा त्यांच्या मागे वही घेऊन उभे असत. माझ्या वडिलांबद्दल मला एवढंच म्हणता येईल की ते कुठल्याही खोलीत दुसरा माणूस असत. पहिला कोणीही असला तरी त्यांना चालायचा. प्रत्येक बाटलीबरोबर कंपनीचं एक पत्रक येतं, घडीवर घडी घातलेलं, बोटाएवढं. उलगडलं तर टेबलभर होतं आणि त्यात निरनिराळ्या भाषांत एकच गोष्ट लिहिलेली असते: हे विष आहे, ते कसं हाताळावं, कसं न्यावं, सांडलं तर काय करावं. मराठीतलं अक्षर इतकं बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. आमच्याकडे त्या पत्रकांची घडी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली जायची, मम्मी त्यांत जिरं-मोहरी बांधायची, आणि मोठे पप्पा त्यांची सुरळी करून कान कोरायचे. मी ती गाडीत वाचायचे, कारण गाडीत वाचायला दुसरं काही नसायचं आणि वाचत असलं की कोणी बोलायला येत नसे. खाण्याच्या वस्तू आणि जनावरांचा चारा यांच्यासोबत वाहून नेऊ नये. बाटली उभी ठेवावी. गळती झाली तर वाहन थांबवावं. मला ते कवितेसारखं पाठ होतं आणि त्याचा उपयोगही कवितेइतकाच होता.

आमच्या भागात औषध घेताना लेबल वाचत नाहीत, वास घेतात. पाणी भरलेल्या नकली बाटल्या एकदोनदा गळ्यात पडल्या की माणूस नाकावर विश्वास ठेवायला लागतो, हे मी समजू शकते. पण मग तो फक्त नाकावरच विश्वास ठेवतो. डोकं दुखलं, मळमळलं, डोळ्यांतून पाणी आलं की माल असली. नवी औषधं येत गेली तसा वास कमी होत गेला आणि दुकानात लोक बाटली नाकापाशी नेऊन परत ठेवू लागले. तेव्हा मोठ्या पप्पांनी त्यावर आपला इलाज काढला. गावोगावच्या छोट्या दुकानांना जो माल जायचा त्यातल्या प्रत्येक खोक्यात एक जुन्या, उग्र औषधाची बाटली घालायची. तिचं टोपण काढायचं, आतल्या चंदेरी सीलला पोत्याच्या दाभणाने छिद्र पाडायचं आणि टोपण अर्धा आटा सैल ठेवून बाटली कोपऱ्यात उभी करायची. खोकं गावात पोचेपर्यंत पुठ्ठ्यापुठ्ठ्यातून वास सुटायचा. तिला घरात 'वासाची बाटली' म्हणत, आणि ते नाव इतक्या सहज घेतलं जायचं जसं इतर घरांत दिवाणखान्यातल्या उदबत्तीचं घेतात. "वासाची टाकली का?" पप्पा विचारायचे. "टाकली." "दुकानाले वास पायजे," मोठे पप्पा म्हणायचे, "बिनावासाची दवाई आनि बिनामिठाची भाजी, कोन घेते?" हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की ते म्हणून झाल्यावर ते आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत.

माल जायचा काळी-पिवळीतून. दहा माणसांच्या त्या जीपमध्ये अठरा बसत, आणि बसायला जागा कमी पडायची म्हणूनच जीपवाल्यांना आमची खोकी आवडत. मधल्या सीटसमोर दोन खोकी ठेवली की आणखी दोन माणसं बसली. खोक्यावर कवटीचं चित्र आणि लाल त्रिकोण. त्यावर गावचे प्रतिष्ठित लोक बसून बोदलकशापर्यंत जायचे. पायाशी भाजीची पिशवी, मांडीवर लेकरू. एसटीत कंडक्टर निदान नाक मुरडायचा. जीपवाल्यांना नाक नव्हतंच.

बारावीच्या परीक्षेआधी एकदा पप्पा मला कोहमाऱ्याला घेऊन गेले. हायवेवर एका धाब्यामागच्या हॉलमध्ये कुठल्याशा कंपनीने विक्रेत्यांना 'सुरक्षित हाताळणी व वाहतूक' यावर बोलावलं होतं. फॉर्म इंग्रजीत असतो म्हणून मी. टाय लावलेला अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होता: बंद गाडी, कुलूप, वाळूची बादली, हातमोजे घातलेला हसरा ड्रायव्हर. सगळ्यांचं लक्ष मटणाच्या वासाकडे होतं. फॉर्मवर प्रश्न होता की माल खाद्यपदार्थांपासून वेगळ्या वाहनातून नेता काय. मी पप्पांना विचारलं, "इथे काय लिहू?"

"बाजूवाल्यानं का लिहिलं?"

"येस."

"मंग येस."

मी सुंदर अक्षरात येस लिहिलं. अधिकाऱ्याने माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग सगळ्यांना हातमोजे आणि मास्क वाटले, ते घालून एक फोटो काढला आणि लगेच काढून खिशात ठेवले, कारण मटण आलं होतं. निघताना मी पाहिलं, त्या अधिकाऱ्याच्या गाडीच्या डिकीत नमुन्याच्या बाटल्यांशेजारी टमाटरची पिशवी होती आणि कोथिंबिरीची जुडी बाटल्यांवर आडवी टाकली होती. आमचे हातमोजे घरी मम्मीला फणस चिरायला फार उपयोगी पडले. चीक चिकटत नाही.

परीक्षा संपली आणि उन्हाळी धानाला तुडतुडा लागला, दोन्ही एकाच सुमारास. बोदलकशाच्या पलीकडच्या गावात माझ्या मावशीकडे हळद होती. मम्मी आधीच गेली होती. मी निघाले तेव्हा मोठे पप्पा म्हणाले, "जाऊनच राहिली तं खोकं घेऊन जा. तिथला दुकानवाला उतरवून घेईल." ते दाभण घेऊन बसले. "धर बरं." मी खोक्याची झाकणं धरली. त्यांनी बाटली काढली, टोपण फिरवलं, छिद्र पाडलं, परत ठेवली आणि दाभण धोतराला पुसलं. "दामूले सांगजो, उभं ठेव म्हना. आडवं नाई."

"हो," मी म्हणाले.

दामू म्हणजे त्या रस्त्यावरच्या काळी-पिवळीचा ड्रायव्हर, गळ्यात रुमाल, तोंडात तंबाखूचा खर्रा. मला बघताच म्हणाला, "अरे, मॅडम! आज आमच्या खटाऱ्यात? रेल्वे बंद झाली का?" सगळी जीप हसली. मी खिडकीपाशी बसले. त्याने आमचं खोकं उचललं, वरचे बाण कुठे आहेत हे न बघता मधल्या सीटसमोर आडवं टाकलं आणि वर थाप मारली. "आडवं केलं की दोघं बसते. या टेकचंदजी, सोफा आहे."

"भाऊ, ते खोकं..." मी म्हणाले.

"का मॅडम?"

अठरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. "काही नाही," मी म्हणाले.

इतक्या वर्षांनी मी त्या दोन शब्दांवर कारणं लावून पाहिली आहेत. लाजाळू होते, लहान होते, बायकांचं ऐकतो कोण. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही.

टेकचंदजी म्हणजे बोदलकशाकडचे धानाचे मोठे शेतकरी, पांढरी टोपी, गावात पंच. ते आणि आणखी एक जण खोक्यावर बसले. माझ्या समोर रेवताबाई नावाची बाई होती. ती कोण हे पाच मिनिटांत सगळ्या जीपला कळलं, कारण तिच्या धाकट्या मुलीचं लग्न तीन दिवसांवर होतं आणि ती बाजार करून निघाली होती. पायाशी मुरमुऱ्यांची मोठी चुंगडी, म्हणजे पोतं, वऱ्हाड्यांच्या चिवड्यासाठी. मांडीवर बेसनाची पिशवी. आणि चुंगडीला टेकून खाली बसलेली तिची नात, चारेक वर्षांची छकुली. छकुलीने नवी लाल प्लॅस्टिकची पर्स घेतली होती आणि ती सारखी उघडून आत काही आलंय का ते पाहत होती.

गावाबाहेर रस्ता खोदून ठेवला होता. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यानंतर वास आला. आधी नेहमीचा, मग नेहमीपेक्षा जास्त. माझ्या जिभेच्या टोकाला घरची चव आली.

"वास पाहा कसा सुटून राहिला," टेकचंदजी म्हणाले. ते अक्षरशः त्यावर बसले होते. "यालेच म्हनतात असली माल. मागच्या साली मी दुसऱ्या दुकानातून नेलो, बापा, नुसतं पानी. तुडतुड्यानं धानाची एक बांधी नाई ठेवली."

"हे मॅडमच्याच दुकानचं होय," दामू पुढून ओरडला.

"हो का वं? मंग मोठ्या बापाले सांगजो, दवाई दमदार आहे."

"मायं तं डोकं दुखून राहिलं," रेवताबाई म्हणाली.

"दुखनारच ना बाई. त्यात दम आहे म्हनून दुखते."

सगळ्यांनी मान डोलावली. एकाने तर दीर्घ श्वास घेतला, जसा लोक गरम भाताच्या वाफेवर घेतात. मी खाली पाहिलं. खोक्याचा एक कोपरा काळपट झाला होता. जीपच्या पत्र्याला खोलगट रेघा असतात. त्यातल्या एका रेघेतून बारीक धार निघून चुंगडीच्या तळाशी गेली होती. चुंगडीचा तो कोपरा उसवलेला होता. लेकरं भोक शोधतातच. छकुलीने बोट घालून एकेक मुरमुरा काढायचा खेळ मांडला होता. एक पर्समध्ये, एक तोंडात. एक पर्समध्ये, एक तोंडात.

मी ते पाहिलं आणि बोलले नाही. हे किती वेळ चाललं ते मला नेमकं सांगता येतं, कारण रस्ता मला माहीत होता: मोहाच्या दोन झाडांपासून नहराच्या पुलापर्यंत. माझ्या डोक्यात वाक्य तयार होत होतं. ते आधी इंग्रजीत तयार झालं, व्याकरणासकट. मग मी त्याचं हिंदी केलं. मग वाटलं की या बाईशी मराठीत बोलायला हवं, आणि मराठीत ते उर्मट वाटेल की काय. पुलावर जीप उसळली. छकुलीने या वेळी बोटाने नव्हे, मूठभर काढले होते.

"ते खाऊ देऊ नका," मी म्हणाले. कोणालाच ऐकू आलं नाही. मग मी वाकून तिच्या हातावर फटका मारला. मुरमुरे उडाले. छकुली आधी बघतच राहिली आणि मग रडायला लागली.

"काऊन वं?" रेवताबाई भडकली. "तुये खाऊन राहिली का ते? एवढंसं लेकरू, मारते काऊन? इंग्लिस शिकली म्हनून हात उचलते?"

"दवाई सांडली आहे. त्यात गेली आहे. बघा, ओलं आहे."

"अजी, दवाई रोजच येते या गाडीत," दामू म्हणाला. "आजवर कोन मेला?"

"सीलबंद माल सांडते कसा?" टेकचंदजींनी बसल्या जागेवरून निकाल दिला. "कंपनीचं पॅकिंग आहे. पोरगी घाबरली उगी."

"सीलबंद नाही," मी म्हणाले. आता थांबता येत नव्हतं. "मोठ्या पप्पांनी सील फोडलं आहे. वास यावा म्हणून. प्रत्येक खोक्यात एक बाटली अशीच असते."

दामूने जीप थांबवली. एंजिन बंद झालं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं अठरा माणसांनी नीट ऐकलेलं पाहिलं. मला वाटलं, आता सगळे छकुलीकडे वळतील.

"म्हनजे," टेकचंदजी सावकाश म्हणाले, "बाकीच्या बाटल्यांले वास नाई?"

"मागच्या साली आमी नेलो त्याले वास होता," दुसरा म्हणाला. "मंग तो वास कायचा होता?"

"वास वेगळा आनि दवाई वेगळी? हे तं सरळ फसवनूक झाली."

"बसा टेकचंदजी अजून सोफ्यावर."

"मी बसलो का? मले बसवलं!"

माझ्या घरच्यांनी त्यांच्या पायाशी विष ओतलं होतं, याचं त्यांना काही वाटलं नाही. वास लबाडीचा निघाला, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. एवढ्या गदारोळात एकाच माणसाने कामाचा प्रश्न विचारला. रेवताबाईने पदराने नातीचं तोंड पुसलं, परत पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिच्या तोंडाले इतकी लाळ काऊन सुटून राहिली?"

लाळ सुटणं. घाम. डोळ्याची बाहुली बारीक होणं. पत्रकातली यादी मला क्रमाने आठवत गेली. "दवाखान्यात," मी म्हणाले. "आत्ता. लगेच."

"आरोग्य केंद्र उलट्या बाजूले आहे," दामू म्हणाला. "बाकी शिटा..."

रेवताबाई उठली, मागून त्याच्या गळ्यातला रुमाल धरला आणि पिळला. "हान गाडी. नाई तं इथंच पाडतो तुले." दामूने गाडी वळवली. वळवायच्या आधी तिघे जण उतरले; त्यांना उशीर होत होता. एकाने उतरताना मला सांगितलं की अशा गोष्टी चारचौघांत बोलू नयेत, घरच्या अब्रूचा प्रश्न असतो.

आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी छकुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तिचा झगा उतरवला, अंग धुवायला सांगितलं आणि विचारलं, "औषध कुठलं? नाव माहीत आहे का कुणाला?" मी रसायनाचं पूर्ण नाव सांगितलं. त्या दिवशी मी न अडखळता बोललेलं तेवढंच. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. छकुलीने दोनदा उलटी केली आणि नंतर इतकी शांत पडून राहिली की आम्ही तिच्या छातीकडे बघत बसलो. रेवताबाईने तिच्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता. लग्नघरून तिला चार फोन आले. "येतो," एवढंच ती प्रत्येक वेळी म्हणाली. लाल पर्स मी नर्सकडे दिली आणि आत काय आहे ते सांगितलं.

बाहेर दामू चुंगडी उतरवून उभा होता. "हे गाईले टाकू का? वाया कायले घालवाचं?" मी नाही म्हटलं. "मंग नहरात?" मी परत नाही म्हटलं. तो वैतागला, या मॅडमला काहीच चालत नाही. आणि जांभळीच्या सावलीत टेकचंदजी आणि राहिलेले लोक आमचं खोकं फोडून बसले होते. एकेक बाटली काढायची, टोपण उघडायचं, नाकाला लावायची, पुढच्याला द्यायची. सील शाबूत असल्यामुळे एकाही बाटलीच्या तोंडाला वास नव्हता. बराच ऊहापोह करून त्यांनी निकाल काढला: सांडली तेवढी असली होती, बाकी सगळ्या नकली. मी पायरीवर बसून हे ऐकलं. मला हसू आलं असतं, आत ती मुलगी नसती तर.

त्या दिवसानंतर त्या रस्त्यावरचे जीपवाले आमचा माल घेईनात, म्हणून आमच्या घरच्यांनी बंद टपाची वेगळी गाडी केली. पत्रकातला नियम अशा रीतीने आमच्याकडे आला. दुकानाच्या परवान्यासाठी आता शेतीची पदवी लागते. मी पुढे ती घेतली. मोठ्या पप्पांनी माझी मागितली होती, मी दिली नाही. लोक अजून बाटली नाकाला लावतात. फरक इतकाच की आता ते टोपण आपल्यासमोर उघडायला लावतात.

त्या दिवशी चारच्या सुमाराला छकुलीने डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका टळला, पण रात्रभर इथेच ठेवा. दुकानात कोणीतरी फोन केला होताच; थोड्याच वेळात आमची गाडी आली. पप्पा मागे, मोठे पप्पा पुढे. हातात डझनभर केळी, आणि डिकीत मुरमुऱ्यांची नवी कोरी चुंगडी. मोठ्या पप्पांनी आधी जांभळीखाली जाऊन बाटल्या मोजल्या. मग आत येऊन कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले आणि खाकरले.

"लहान लेकरांले गाडीत खाऊ घालू नये बाई," ते म्हणाले. "खड्ड्यांचा रस्ता, नरड्यात अडकते. जे झालं ते झालं. तुमचे मुरमुरे आनून दिले, जरा जास्तच आहे."

"हो, जास्तच आहे," पप्पा म्हणाले.

रेवताबाईने केळ्यांकडे पाहिलं नाही. "तुमच्या गाडीतलं नाई पायजे," ती म्हणाली, आवाज न चढवता. मग माझ्याकडे वळली. दिवसभरात तिने मला पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "पोरी, सील फोडलं आहे हे तुले कवा कळलं?"

मोठ्या पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. वास आल्यावर, असं मी म्हणू शकले असते. त्यांनाही तेच हवं होतं, पप्पांनाही.

"सकाळी," मी म्हणाले. "खोकं मीच धरलं होतं. दामूला उभं ठेवायला सांग म्हणाले होते. मी सांगितलं नाही."

"काऊन?"

"सगळे बघत होते."

"हं," ती म्हणाली.

छकुलीचे हात ओकारीने चिकट झाले होते. कोपऱ्यात पाण्याची बादली आणि दांड्याचा मग होता. मी उठले, तो भरून आणला आणि तिच्या हातांवर धार धरायला वाकले. रेवताबाईने तो माझ्या हातातून काढून घेतला. बादलीपाशी गेली, पाणी ओतून टाकलं, मी धरला होता तो दांडा साबण लावून घासला, दोनदा धुतला. मग ताजं पाणी घेऊन आली आणि पोरीचे हात धुतले.